इमारतीचं तोंड कुणीकडे?

ओव्हल मैदानाचे फोटो एका फेरीत होत नाहीत. सकाळी सातला गेलं तर मैदानाच्या पश्चिमेची रांग उन्हात असते. महर्षी कर्वे रोडवरच्या, १९३०च्या दशकातल्या, गोल कोपऱ्यांच्या आणि फिकट रंगांच्या निवासी इमारती. त्याच वेळी समोरचं उच्च न्यायालय, विद्यापीठ, राजाबाई टॉवर ही बडी मंडळी पाठीवर ऊन घेऊन उभी असतात आणि कॅमेऱ्यात नुसती काळी आकृती उमटते. संध्याकाळी पाचला पारडं फिरतं. न्यायालयाच्या दगडावर पिवळसर झाक येते, वऱ्हांड्यांच्या कमानींना खोली येते आणि पश्चिमेच्या इमारती करड्या, सपाट होऊन जातात. मधल्या वेळात मी सावली धरून क्रिकेट बघते. ओव्हलवर एका वेळी इतके सामने चालू असतात की आपण नेमका कुठला बघतोय, हे कळायलाच अर्धा तास जातो.

ऊन कुठून येतं आणि इमारत कुणीकडे बघते, हे ठाऊक असल्याशिवाय वास्तूंचे फोटो निघत नाहीत. फोटोग्राफीच्या कुठल्याही वर्गात पहिल्या आठवड्यात हे शिकवतात. पण मुंबईत ही दिशा पाळायला लागलं की उन्हापलीकडचंही बरंच काही हाती लागतं. या शहरात इमारतीचं तोंड कुणीकडे असावं, हे बहुतेक वेळा समुद्र, पैसा आणि सरकार या तिघांनी ठरवलेलं असतं. पुढे समुद्र मागे सरकवला जातो, पैसा बुडतो, सरकार बदलतं. इमारत मात्र पहिल्या दिवशी जिकडे बघत होती तिकडेच बघत राहते.

ओव्हलचंच घ्या. १८६०च्या दशकात गव्हर्नर बार्टल फ्रियर यांच्या कारकिर्दीत किल्ल्याचा तट पाडला गेला. तिकडे अमेरिकेत यादवी चालू होती, इंग्लंडच्या गिरण्यांना तिथला कापूस मिळेना आणि मुंबईच्या बाजाराला सोन्याचे दिवस आले होते. तटाच्या जागी मोकळी जमीन आणि गाठीला पैसा, अशा मुहूर्तावर ही ओळ उठायला लागली. जुनं सचिवालय १८७४चं, न्यायालय आणि राजाबाई टॉवर १८७८चे. सगळ्यांची तोंडं पश्चिमेला, कारण समोर मैदान होतं आणि मैदानापलीकडे थेट बॅक बेचा समुद्र. ते खोल वऱ्हांडे, उघडे जिने समुद्राच्या वाऱ्यासाठी आहेत. संध्याकाळचं जे ऊन आज आम्हा फोटोवाल्यांना हवंहवंसं वाटतं, ते आत बसून फायली उपसणाऱ्या कारकुनाच्या थेट डोळ्यांवर आलं असतं. वऱ्हांड्यांनी त्याचाही बंदोबस्त केला.

राजाबाई टॉवरचा पैसा प्रेमचंद रायचंद यांचा, नाव त्यांच्या आईचं. १८६५मध्ये कापसाचे भाव गडगडले, शेअर बाजार कोसळला आणि प्रेमचंदही त्यात पुरते अडकले. दान मात्र आधीच दिलेलं होतं, त्यामुळे टॉवर झाला, चांगला २८० फूट. आराखडा जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांचा. हे गृहस्थ हिंदुस्थानात कधी आलेच नाहीत. लंडनमध्ये बसून त्यांनी नकाशे काढले आणि ते दगडात उतरवायचं काम इथल्या माणसांनी केलं.

त्या माणसांपैकी एकाची ओळख व्हायला मोठी लेन्स लागते. टॉवरच्या वरच्या अंगाला कोपऱ्याकोपऱ्यांत पुतळे उभे आहेत. खालून ते नुसते उंचवटे वाटतात. तीनशे मिलिमीटरची लेन्स लावून, श्वास रोखून बघितलं की एकेक माणूस पुढे येतो. डोक्यावरचं पागोटं, त्याच्या घड्या, अंगरख्याच्या चुण्या, कुणाचा हात कमरेवर. पश्चिम हिंदुस्थानातल्या वेगवेगळ्या जातीजमातींची ही माणसं. त्यांचे नमुने घडवले ते रावबहादूर मुकुंद रामचंद्र या सहायक अभियंत्यांनी. लंडनच्या नकाशातल्या गॉथिक मनोऱ्यावर आपल्याकडची पागोटी चढली ती अशी. रस्त्यावरच्या माणसाला हे दिसणार नाही हे त्यांना कळत नसेल असं नाही, तरी पागोट्याच्या घडीत कुठे कसूर नाही. सीएसएमटीचंही तसंच. नाव फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स यांचं, १८७८ ते १८८८ अशी दहा वर्षं काम चाललं, पण ती मोरं, माकडं, पानंफुलं कोरण्यात जे. जे. कलाशाळेच्या विद्यार्थ्यांचे हात होते. सीएसएमटीचंही तोंड पश्चिमेला, त्यामुळे तिथेही संध्याकाळच बरी. फक्त संध्याकाळी सहाला तिथे तिपाई उभी करून दाखवावी, म्हणजे मी गुरू करीन.

माणसांवरून आठवलं. मुंबईचे जुने फोटो बघताना पुष्कळजण हळहळतात, काय निवांत रस्ते होते हो तेव्हा! निवांत वगैरे काही नव्हते. तेव्हा फिल्मऐवजी रसायन लावलेल्या ओल्या काचा असायच्या, त्यांच्यावर प्रतिमा उमटायला काही सेकंद जायचे. जे हलेल ते पुसलं जाणार. बैलगाड्या, हमाल, पालख्या, भाजीवाल्या सगळे होतेच, काचेनं त्यांना धरलं नाही एवढंच. इमारत तेवढी स्थिर, म्हणून ती उरली. फोटोग्राफिक सोसायटी ऑफ बॉम्बे १८५४मध्ये स्थापन झाली आणि त्या पहिल्या पिढीत डॉ. भाऊ दाजी लाड यांचे धाकटे बंधू डॉ. नारायण दाजी होते. दोघंही डॉक्टर. माणसाची नाडी बघणाऱ्या माणसाला स्थिर बसायला सांगण्याचा अधिकार आपोआप असतो, त्याचा कॅमेऱ्यामागेही उपयोग होत असणार, असं मला उगाच वाटतं.

काळा घोड्याच्या वॉटसन हॉटेलची गोष्टही हालचालीची. पूर्ण सांगाडा बिडाचा, सुटे भाग इंग्लंडात ओतून जहाजानं आणले आणि १८६०च्या दशकात इथे जोडले. अभियंता रोलंड मेसन ऑर्डिश. याच हॉटेलात ७ जुलै १८९६ला ल्युमिएर बंधूंची हलती चित्रं दाखवली गेली. मुंबईत झालेल्या त्या खेळांनी भारावून फोटो स्टुडिओवाले हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, म्हणजे सावेदादा, चित्रपटाच्या नादी लागले. म्हणजे आपल्याकडे स्थिर चित्र हललं ते या इमारतीच्या आसपास. आता इमारत स्वतःच हलायला झाली आहे. २००५मध्ये गॅलरीचा एक भाग कोसळला, पुढे ती रिकामी करावी लागली. तिचे फोटो मी काढते, पण जाळ्या, बांबू, टेकू यांच्या आडून. ते काढून टाकून बिडाचा सांगाडा स्वच्छ दिसेल अशी एकही जागा समोरच्या पदपथावर नाही, आणि खरं सांगायचं तर तसा फोटो खोटाच होईल.

पुन्हा ओव्हलवर येऊ. पश्चिमेची रांग आली कुठून? समुद्रातून. १९२०मध्ये गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांच्या काळात बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट नावाचं खातं निघालं. बॅक बे बुजवून जमीन काढायची, विकायची, आणि शहराचा जागेचा प्रश्न सोडवायचा, असा बेत. गाळ भरला की समुद्र घेऊन जाई, खर्च वाढत गेला, खुर्शेद नरिमन यांनी त्यातला सावळागोंधळ चव्हाट्यावर आणला आणि योजनेला ‘लॉइड यांचा मूर्खपणा’ असं नाव पडलं. तरी जी काही जमीन वर आली तिच्यावर १९३०च्या दशकात या इमारती उभ्या राहिल्या. एक रांग ओव्हलकडे तोंड करून, एक मरीन ड्राइव्हवर समुद्राकडे तोंड करून. समुद्र बघत पन्नासेक वर्षं उभ्या असलेल्या न्यायालयाच्या आणि समुद्राच्या मध्ये लोकांचे दिवाणखाने आले. आता न्यायालयाची जुनी रांग आणि ओव्हलवरची ही नवी रांग मैदानाच्या अंतरावरून एकमेकींकडे बघतात. युनेस्कोनं २०१८मध्ये दोघींना एकाच नावाखाली जागतिक वारशाच्या यादीत घेतलं, एकूण ९४ इमारती. भांडलेल्या जावांना एकाच फोटोत उभं करावं तसं मला ते वाटलं होतं.

या नव्या इमारती सिमेंट काँक्रीटच्या, त्यामुळे कोपरा गोल करणं सोपं झालं. बोटीसारखे कठडे, गोल खिडक्या, जिन्याच्या उभ्या काचा. एक गोष्ट मात्र जवळून बघायला हवी, ती म्हणजे खिडकीवरचा छज्जा. कोपऱ्याला वळसा घालून जाणारी ही काँक्रीटची पातळ पट्टी म्हणजे इमारतीच्या भुवया. साडेआठच्या सुमारास छज्जाची सावली खाली बोटभर पट्टीएवढी पडते आणि इमारतीच्या अंगावर आडव्या रेषा उमटतात. वास्तुकारानं कागदावर काढलेलं चित्र त्या क्षणी भिंतीवर असतं. नऊनंतर सावली खिडकीत उतरते, आणि ऊन आत जाऊ न देण्याचं तिचं खरं काम सुरू होतं. दहा वाजता फोटो संपला, छज्जा कामावर. एम्प्रेस कोर्टसमोर उभं राहून हे बघावं. ती इमारत आणि मरीन ड्राइव्हवरची सूना महल गजानन म्हात्रे यांच्या. फोर्टातली न्यू इंडिया ॲश्युरन्सची १९३६ची इमारत मास्टर, साठे आणि भुता यांची, तिच्या दर्शनी भागाची शिल्पं ना. ग. पानसरे यांची. तिथे मात्र मागे सरायला जागा नाही. कॅमेरा वर केला की उभ्या रेषा आत झुकतात आणि इमारत मागे कलंडल्यासारखी दिसते. त्यासाठी शिफ्ट लेन्स मिळते, किंमत ऐकून माणूस मागे कलंडतो. स्वस्त उपाय म्हणजे समोरच्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर जाऊन ‘पाच मिनिटं खिडकीपाशी उभी राहू का?’ असं विचारणं. बहुतेक ठिकाणी ‘राहा की’ म्हणतात. चहाही देतात.

आता मला जी गोष्ट सांगायची आहे ती अशी, की ज्या खात्यानं बॅक बे भरून समुद्रासमोरची जमीन काढली, त्याच खात्यानं बीडीडी चाळी बांधल्या. बीडीडी ही त्या खात्याचीच आद्याक्षरं. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी मिळून २०७ चाळी, तळमजला अधिक तीन, एकेका चाळीत ८० खोल्या, खोली साधारण १६० चौरस फुटांची. या चाळींचे फोटो काढायला गेलं की पहिला प्रश्न पडतो, हिचं तोंड कुठलं? दर्शनी बाजू अशी नाहीच. मधून अंधारा बोळ, दोन्ही बाजूंना दहा-दहा दारं. घराचं तोंड समोरच्या घराच्या तोंडाकडे. समुद्र, मैदान, रस्ता कशाकडेच नाही. तेच खातं, तेच काँक्रीट, काळातही फार अंतर नाही. एकीकडे वळणदार छज्जे आणि एकीकडे बोळ. ओव्हलचे फोटो लावायचे आणि त्याशेजारी बीडीडीच्या बोळाचा लावायचा नाही, हे मला पटत नाही. आणि तो बोळ रिकामा असतानाचाही लावू नये. तिथलं सगळं जगणं त्या बोळात असतं. चपला, सायकली, पाण्याची पिंपं, गणपतीच्या दिवसांत पताका. वरळीत आता पुनर्विकासाचे उंच मनोरे उठले आहेत. स्वतःचा संडास, लिफ्ट, मोठी जागा. ज्यांनी सार्वजनिक नळावर आयुष्य काढलं त्यांना वारशाचं प्रेम शिकवायला मी जाणार नाही. पाडण्याआधी बोळाचे नीट फोटो मात्र असायला हवेत.

समोरासमोरच्या दारांवरून परळच्या बीआयटी चाळीकडे जावं लागतं. १८९६च्या प्लेगनंतर सरकारनं शहर सुधारायला इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट काढला, त्यानं बांधलेल्या या चाळी. पोयबावाडीतल्या पहिल्या क्रमांकाच्या चाळीत दुसऱ्या मजल्यावर समोरासमोरच्या दोन खोल्यांत डॉ. बाबासाहेब आंबेडकर कित्येक वर्षं राहिले. एका खोलीत संसार, एकीत अभ्यास. बाहेरून फोटो काढला तर चाळीसारखी चाळ. तिचं मोठेपण दर्शनी भागात नाहीच, ते दोन दारांमधल्या चार पावलांत आहे. उच्चशिक्षण, वकिली, महाडचा सत्याग्रह, गोलमेज परिषद, या सगळ्याच्या काळात घरचा पत्ता हा होता. पुढे दादरच्या हिंदू कॉलनीत त्यांनी राजगृह बांधलं, ते मुख्यतः पुस्तकांसाठी. राजगृहासमोर दोन्ही वेळा गर्दी असते आणि लोक हात जोडून उभे असतात. तिथे इमारतीचा फोटो काढायला मला कधी जमत नाही, मी त्या उभ्या राहिलेल्या लोकांचा पाठमोरा काढते.

सरदारगृह त्याहून अवघड. क्रॉफर्ड मार्केटसमोरची ही मूळची उतारूंसाठीची जागा. १ ऑगस्ट १९२०ला, मध्यरात्र उलटल्यावर, लोकमान्य इथेच गेले आणि सकाळपर्यंत मुंबई त्या रस्त्यावर लोटली. आज तिथून चौकटीत काय येतं? टॅक्सी, हातगाड्या, पुस्तकं-वह्यांची आणि प्लॅस्टिकच्या डब्यांची दुकानं, अर्धा बस थांबा. इमारत वरून डोकावते. गर्दीत धक्के खात फोटो काढताना मनात येतं, १९२०च्या त्या सकाळी याच्या शंभरपट गर्दी असेल.

वारसा इमारतींची नियमावली मुंबईत १९९५मध्ये आली. पहिली श्रेणी, दुसरी, तिसरी. श्रेणीतल्या इमारतींचे फोटो हजारो आहेत. चाळींचे नाहीत, आणि असले तरी पडल्यानंतरचे आहेत. गिरगावातल्या लाकडी गॅलऱ्यांच्या चाळी टिकल्या त्या कायद्यानं आणि मोडकळीला आल्या त्याही कायद्यानंच. १९४७च्या भाडेनियंत्रण कायद्यानं भाडी १९४०च्या पातळीवर गोठवली. भाडेकरू निर्धास्त झाला, मालकाला डागडुजीत रस उरला नाही. सागवानी खांब तसेच उभे, गच्चीवर निळी ताडपत्री. पगडी, म्हणजे खोली घेताना मोजलेली एकरकमी रक्कम, दोघांच्या मध्ये.

मी गिरगावात वाढले, तरी कॅमेरा घेऊन गल्लीत शिरले की परकी होते. परवा एका चाळीच्या चौकात उभी राहून गॅलरीचा कोरीव कंस धरायचा प्रयत्न करत होते, तर वरून हाक आली.

“काय गं, म्हाडाकडून आलीस का?”

“नाही आजी, नुसते फोटो काढतेय.”

“नुसते कोण काढतं? बिल्डरनं पाठवलं असेल तर तसं सांग. आमचे हे आत आहेत, त्यांच्याशी बोल.”

मग माहेर कुठलं, आडनाव काय, कुठल्या शाळेत, अशी उलटतपासणी झाली. शाळा एकच निघाल्यावर वर बोलावणं आलं. गॅलरीच्या कठड्याला हात लावल्यावर कळलं की त्याची वरची कड मधोमध गुळगुळीत आणि खोलगट झाली आहे, दोन्ही टोकांना मात्र अजून चौकोनी. सगळे मधेच उभे राहतात, कारण तिथून चौक सरळ दिसतो. शंभर वर्षं कोपर टेकवून लाकडात पडलेली ती खोलगट जागा मी अगदी जवळून, बाजूच्या उन्हात काढायची ठरवली. बाजूचं ऊन असल्याशिवाय खळगा दिसत नाही. विचारलं, “आजी, इथे सकाळचं ऊन किती वाजता येतं?”

“यायचं. आता कुठलं?” त्यांनी पूर्वेकडे हात केला. चौकाच्या डोक्यावर नवा टॉवर उभा होता, खालचे मजले सगळे गाड्यांचे. संध्याकाळच्या बाजूला दुसरा चढत होता. चौकाभोवतीच्या चाळीचं तोंड आतल्या बाजूला, त्यामुळे उजेडासाठी तिची सगळी भिस्त आभाळाच्या त्या चौकोनावर. तो आता दोन्हीकडून आवळत चालला आहे.

“मे महिन्यात येतं मात्र,” आजी म्हणाल्या. “भर दुपारी. तेवढं कुणाला अडवता येत नाही.”

ते बरोबर होतं. मेच्या मध्यावर मुंबईत सूर्य माध्यान्हीला अगदी डोक्यावर येतो, साडेबाराच्या सुमारास सरळ उभ्या काठीची सावली पडतच नाही. कितीही मजले असोत, त्या वेळी ऊन थेट चौकात उतरतं. फोटोच्या पुस्तकांत ही दिवसातली सगळ्यांत वाईट वेळ म्हणून सांगितलेली असते. माणसांच्या चेहऱ्यावर डोळ्यांखाली काळे खड्डे पडतात, दगड फटफटीत होतो. पण कंस, कठडा, झालर यांच्या अंगावरून ऊन वरून खाली घसरत जातं आणि कोरीव काम उठून येतं. कठड्याच्या खोलगट जागेसाठी ते चालेल की नाही, हे उभं राहूनच कळेल. पंधरा मेची दुपार मी राखून ठेवली आहे. आजींनी बजावलंय, त्या वेळी यायचं तर जेवून जावं लागेल, आणि चौकात पोह्यांचे पापड घातलेले असतील, कॅमेरा डोळ्याला लावून मागे सरकू नकोस.